झुरळं, वाळवी आणि तोंडावर आलेली परीक्षा: एकट्या फ्लॅटने किती लढायचं?

मुक्ता_फोंडा

नमस्कार मंडळी. मी एसवाय बीएस्सीला आहे, विषय गणित. आम्ही फोंड्याला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आई शाळेत शिकवते, बाबा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. दोघं साडेसातला बाहेर पडतात, भाऊ शाळेत जातो आणि दिवसभर घरात मी आणि आजी. सध्या परीक्षेसाठी अभ्यासाची सुट्टी चालू आहे, म्हणजे हे घर मला आता पूर्ण दिवस दिसतंय.

सकाळी पोदेर हॉर्न वाजवत येतो, आजी पाव घेते. मी चहासाठी स्वयंपाकघरात दिवा लावला की ओट्यावरची बारकी झुरळं सरळ मिक्सरच्या मागे पळतात. मग आधी भांडं विसळायचं, गाळणी विसळायची, कप विसळायचे, आणि मग चहा. अभ्यासाचं टेबल खिडकीपाशी होतं, ते खोलीच्या मध्ये ओढून घेतलंय, कारण खिडकीच्या लाकडी चौकटीला वाळवी लागली आहे. फरशीपासून वर मातीची एक बारीक नळी गेली आहे. बाबांनी ती खरवडून काढली, काही दिवसांत शेजारीच दुसरी उभी राहिली. पुस्तक उघडलं की शिवणीत काळे कण सापडतात. एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याची खळ कसरीने खाल्ली, पानं सुटी झाली, आणि ते पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयाचं आहे.

रात्री वेगळीच मंडळी येतात. नहाणीच्या जाळीतून मोठी, लालसर, उडणारी झुरळं. आजी रात्री उठली की आधी मला हाक मारते.

बाबा अधूनमधून स्प्रे मारतात. त्या दिवशी भावाचा दमा बळावतो आणि झुरळं थोड्याच दिवसांत परत हजर. सोसायटीला सांगितलं तर उत्तर मिळालं, "ज्याने त्याने आपापलं घर बघावं." इमारतीत बारा फ्लॅट आहेत, त्यातले चार वर्षभर कुलूपबंद. मालक कोणी मुंबईला, कोणी दुबईला. तळमजल्यावर खानावळ.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भावाला त्रास न होता, परीक्षेच्या दिवसांत घरात राहून काय करता येईल? आणि आम्ही एकट्याने कितीही केलं तरी त्याचा उपयोग होतो का?

रामनाथीकर

बाळा, तमालपत्र आणि कापूर. ओट्याच्या कोपऱ्यात ठेव. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. झुरळ फिरकत नाही.

सुरंगी

रामनाथीकर काका, तुमचं घर कौलारू, चारी बाजूंनी मोकळं. फ्लॅटमधल्या झुरळांना तमालपत्राने काही होत नाही. मडगावात मी दोन वर्षं ठेवून पाहिलं, झुरळं त्या पानांच्या खालीच सापडायची.

मुक्ता, आमच्याकडे फरक पडला तो झुरळं मारायच्या जेलने. सिरिंजमध्ये मिळतं. मसुराच्या दाण्याएवढे थेंब लावायचे, मोठे गोळे नकोत. जागा नीट निवड: मिक्सरच्या बुडाखाली, फ्रिजच्या मागे मोटारीपाशी, गॅसच्या ओट्याखालच्या फटीत, कपाटाच्या बिजागऱ्यांजवळ, सिंकखालच्या पाइपच्या भोकापाशी. उघड्यावर ओट्याच्या मध्ये लावून काही होत नाही. त्याला वास नाही, फवारा नाही, त्यामुळे भावाला त्रास व्हायचं कारण नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे जेल लावल्यावर तिथे स्प्रे मारायचा नाही, फिनाइलने पुसायचंही नाही. वास आला की झुरळ जेलला तोंड लावत नाही. आमच्या घरी जेल चालतच नव्हतं त्याचं कारण हेच निघालं: मी संध्याकाळी लावायची आणि सासूबाई सकाळी भक्तिभावाने सगळं पुसून काढायच्या.

पुणेकर_पाहुणा

पोदेर म्हणजे पाववाला ना? रोज सकाळी दारात गरम पाव येतो हे वाचून मी झुरळांचं विसरलोच.

सुरंगी

हो, पाववालाच. सायकलवर मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि तो हॉर्न. पण पुणेकर, धागा झुरळांचा आहे, उंड्यांचा नाही. 🙂

काजवा

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. मुक्ताने वर्णन इतकं नीट केलंय की न बघताही सांगता येतं: तिच्या घरी दोन वेगळ्या जाती आहेत आणि दोघींचे उपाय वेगळे आहेत.

ओट्यावरची बारकी ती जर्मन झुरळं. लांबी साधारण दीड सेंटिमीटर, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा. ही घराबाहेर राहत नाहीत. त्यांना ऊब, ओल आणि अन्न जवळजवळ लागतं, म्हणून मिक्सर, फ्रिजची मोटर, राउटर. मादी अंड्यांची पिशवी पोटाला धरूनच फिरते आणि पिल्लं बाहेर पडायच्या वेळेपर्यंत सोडत नाही. एका पिशवीत तीस ते चाळीस अंडी. स्प्रेने समोरची मरतात, पण फटीत बसलेली मादी वाचते आणि पिशवीतल्या अंड्यांपर्यंत औषध नीट पोचत नाही. शिवाय बाजारातल्या फवाऱ्यांमध्ये जी पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्यं असतात, त्यांना या जातीने बऱ्याच ठिकाणी दाद देणं सोडलंय. जेल चालतं ते वेगळ्या कारणाने. खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, फटीत जाऊन मरतं. तिथली पिल्लं त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खातात आणि तीही मरतात. जे पिल्लू कधी ओट्यावर आलंच नाही, त्याच्यापर्यंतही औषध पोचतं.

रात्रीची मोठी, लालसर ती अमेरिकन झुरळं. साडेतीन-चार सेंटिमीटर. त्यांचं घर म्हणजे चेंबर, सेप्टिक टँक आणि पाइपांचा डक्ट. तुमच्या नहाणीत ती पाहुणी येतात. त्यांना जेलने घरात मारत बसण्यापेक्षा वाट बंद करा.

भावाच्या दम्याबद्दलही सांगतो. झुरळाची विष्ठा, कात, मेलेल्या झुरळांचा चुरा यांनी दमा बळावतो हे वैद्यकात पक्कं माहीत आहे. म्हणजे भावाला स्प्रेचाही त्रास आणि झुरळांचाही. मेलेली झुरळं कोरड्या झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाका.

मुक्ता_फोंडा

सर, खूप आभार. तुमचं वाचून मिक्सर उलटा केला. बुडाच्या हवेच्या जाळीत होती सगळी. राउटरच्या मागेही. दोन काळ्या रेघा आहेत, भिंगातून पाहिल्या.

आजी म्हणते, देवघरात जेल लावायचं नाही. ते ठीक, पण देवघराच्या मागच्या फळीतही आहेत. प्रसादाचा गूळ तिथेच असतो.

सुरंगी

गूळ स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा देवघरात नको. आजींना सांग, देवापुढे प्रसाद रोज ताजा ठेवू आणि आरती झाली की वाटून टाकू. माझ्या सासूबाईंना हे लगेच पटलं होतं.

ताळगावचा_भाडेकरू

झुरळांवरून आठवलं. मी विद्यापीठात एमएला आहे, चौघं मिळून फ्लॅट भाड्याने घेतलाय. आमच्याकडे ढेकूण. मालक म्हणतो, "तुम्हीच आणले." असतीलही, जुनी गादी घेतली होती. पण शेजारच्या फ्लॅटमध्येही आहेत आणि मधल्या भिंतीत विजेच्या नळ्या सलग आहेत. रात्री झोप नाही, दिवसा अभ्यास नाही. मुक्ताचा धागा पळवायचा नाही, पण कोणी ढेकणांचंही सांगा.

काजवा

ढेकूण रक्ताशिवाय महिनोन्‌महिने तग धरतात, तेव्हा खोली बंद ठेवून ते जातील ही आशा सोडा. उष्णतेला मात्र टिकत नाहीत. चादरी, अभ्रे, कपडे कडक गरम पाण्यात धुवा, पन्नास अंशांच्या वर. पलंगाचे सांधे, खिळ्यांची भोकं, गादीची शिवण यांवर वाफेचं यंत्र सावकाश फिरवा. पलंग भिंतीपासून दूर, चादर जमिनीला टेकता कामा नये. गादी रस्त्यावर टाकून देऊ नका, दुसरा विद्यार्थी उचलून नेतो. टाकायचीच असेल तर फाडून टाका. आणि शेजारच्या फ्लॅटवर त्याच दिवशी उपचार झाला नाही तर ते नळीतून परत येतील.

शुभ्रा

मी म्हापशाला परिचारिका आहे. या धाग्यावर अजून कोणी सुचवलेलं नाही, पण सुचवेल, म्हणून आधीच लिहिते. ढेकूण, उंदीर किंवा धान्यातले किडे यांच्यासाठी कोणी "गोळी" आणून दिली तर घरात घेऊ नका. धान्याच्या गोदामात वापरतात ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. गोव्याच्या हवेत ओलावा किती, हे सांगायला नको. हा वायू फटींतून, डक्टमधून शेजारच्या घरात जातो. आपल्या देशात बंद फ्लॅटमध्ये अशा गोळ्या ठेवून शेजारची मुलं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यावर उतारा नाही. दुकानातून घरगुती वापरासाठी विकायला कायद्याने परवानगी नाही, तरी ती मिळते. ताळगावच्या मुलांनो, कोणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी नाही म्हणा.

मुक्ता, डांबरगोळ्याही कपाटात भसाभस टाकू नकोस. दम्याच्या मुलाला तो वास नको, आणि बिल्डिंगमध्ये कुणाकडे तान्हं बाळ असेल तर त्याच्या कपड्यांत तर अजिबात नकोत.

मांजरवाली

मांजर पाळा. उंदीर, झुरळं, पाली, सगळ्यांवर एकच उपाय. आमची मनी रात्री कामावर असते.

काजवा

मांजर असेल तर एक लक्षात ठेवा. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी पर्मेथ्रिनची औषधं मिळतात, ती मांजरीला विषारी असतात, तिचं शरीर ते द्रव्य पचवू शकत नाही. आणि पालीला शत्रू समजू नका. आपल्या घरातल्या पाली विषारी नसतात, त्या डास आणि लहान झुरळं खातात.

मांजरवाली

पालीचं पटलं नाही, सर. पण पर्मेथ्रिनचं कळवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे कुत्राही आहे आणि तो डबा फळीवरच होता.

चिरेबंदी

मी स्थापत्य अभियंता, गेली बरीच वर्षं गोव्यात बांधकामं बघतो. झुरळांवर खूप झालं, मुक्ताच्या वाळवीकडे कोणी वळलंच नाही. ते जास्त महत्त्वाचं आहे, झुरळ घर पाडत नाही.

फरशीपासून वर जाणारी मातीची नळी म्हणजे जमिनीतली वाळवी. तिचं वारूळ खाली मातीत आहे, चौकटीत नाही. तिला अंग ओलं ठेवावं लागतं, म्हणून ती मातीच्या नळीतून झाकलेली ये-जा करते. नळी खरवडली की ती दुसरी बांधते, मुक्ताने लिहिलंय तसंच. दुसऱ्या मजल्यावर पोचली म्हणजे डक्टमधून किंवा भिंतीच्या फटीतून वर आली आहे, आणि वाटेत कुठेतरी ओल आहे. मुक्ता, त्या खिडकीच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे का? बघ. गळका पाइप असेल तर तो आधी. ओल राहिली तर औषध घालूनही ती परत येते.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखांची गर्दी झाली होती का? सकाळी खिडकीत पंखांचा सडा? ती वाळवीच उडते. पंखांच्या मुंग्याही उडतात, फरक असा की वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात आणि कंबर बारीक नसते.

उपचार असा: भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे ठरावीक अंतरावर ड्रिलने भोकं पाडून औषध आत सोडतात, चौकटीतही सोडतात, मग भोकं सिमेंटने बंद. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे, दुसरा भाग बांधकामाआधीच्या उपचाराचा. कंत्राटदाराला विचारा, "आयएस ६३१३ प्रमाणे करणार का?" जो गोंधळला त्याला काम देऊ नका. खरं तर हे तळमजल्यापासून, इमारतीच्या सगळ्या परिघाने व्हायला हवं. एका फ्लॅटमध्ये केलं तर वाळवी शेजारच्या चौकटीत जाईल.

नळी खरवडू नका, आणि आता तिचा फोटो काढा. सोसायटीला दाखवायला तोच लागेल.

रामनाथीकर

आमच्या जुन्या घराला फणसाचं लाकूड होतं. त्याला वाळवी फारशी लागत नसे.

चिरेबंदी

काका, फणस आणि सागवान दोन्ही बरेच टिकतात. आताच्या फ्लॅटच्या चौकटी कच्च्या, पांढऱ्या लाकडाच्या असतात. तिथून सुरुवात होते.

सुरंगी

लाकडावरून पुरुमेंतावर येते. पावसाळ्यासाठी आम्ही मे महिन्यात सुकं नुस्तं (म्हणजे सुकी मासळी), मिरच्या, आमसुलं, तांदूळ, चिंच असं सगळं भरून ठेवतो. मुक्ता, तुमच्याकडेही असेल. ऑक्टोबरपर्यंत उरलेल्या सुक्या नुस्त्याच्या डब्यांत बारीक किडे होतात आणि झुरळांना त्या वासासारखं आमंत्रण दुसरं नाही. सुके बांगडे-सुंगटं (कोलंबी) आता संपवून टाका किंवा फ्रीजरमध्ये टाका. तांदळात टोके झाले असतील तर कडक उन्हात पसरा. त्या डब्यांच्या फळीखाली आधी बघ, तिथे झुरळं असतीलच.

पुणेकर_पाहुणा

बांगडे संपवायला मी येऊ शकतो. फ्लॅट बंद करून, झुरळांना हात न लावता.

सुरंगी

या. येताना नहाणीच्या जाळीसाठी झाकण घेऊन या.

वास्को_सचिव

मी स्वतः एका सोसायटीचा सचिव आहे, तेव्हा दुसरी बाजूही मांडतो. "ज्याने त्याने आपलं बघावं" हे उत्तर चुकीचं आहे, पण ते का येतं तेही समजून घ्या. आमच्याकडे अर्धे मालक देखभालीचे पैसे वेळेवर देत नाहीत. औषध मारायला लोक आले की तीन फ्लॅटवाले दार उघडत नाहीत. मग ज्यांनी उघडलं ते म्हणतात, आमचे पैसे वाया गेले.

आम्ही शेवटी असं ठरवलं. चेंबर, सेप्टिक टँकची झाकणं, डक्ट, जिना, पाण्याची टाकी हे सामायिक, त्याचा खर्च सोसायटीचा, त्यात कोणाची परवानगी लागत नाही. घरातल्या जेलचा खर्च ज्याचा त्याचा, पण सगळ्यांचं एकाच आठवड्यात. सोसायटी गोव्याच्या २००१ च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असेल तर हा विषय सभेत लेखी मांडता येतो आणि इतिवृत्तात यावा लागतो. तोंडी तक्रार विसरली जाते. मुक्ता, वडिलांच्या सहीने एक साधं पत्र दे.

अबोली

सचिवसाहेब, मला हे मान्य नाही. माझं घर स्वच्छ आहे, मी रोज झाकपाक करते, माझ्याकडे झुरळ नाही. खालच्या खानावळीची घाण मी का निस्तरायची? पैसे त्यांनी द्यावेत.

वास्को_सचिव

अबोलीताई, खानावळीने आपला हिस्सा जास्त द्यायला हवा, यात वाद नाही. पण तुमच्या घरी झुरळ नाही याचं श्रेय निम्मं तुमचं, निम्मं तुमच्या शेजाऱ्यांचं. वरचा फ्लॅट सहा महिने बंद राहिला की बघा.

अबोली

माझ्या वरचा फ्लॅट बंदच आहे हो, तीन वर्षं.

चिरेबंदी

मग अबोलीताई, तुमच्याकडे अजून आली नाहीत तर नशीब. बंद फ्लॅटचं कारण सांगतो, कारण मुक्ताच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

नहाणीच्या जाळीखाली पाण्याचा सापळा असतो. वाकड्या पाइपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम उभं राहतं. खालच्या पाइपातला वास, वायू, झुरळं त्या पाण्यामुळे वर येऊ शकत नाहीत. फ्लॅट वापरात नसला की ते पाणी काही आठवड्यांत वाळून जातं. मग चेंबरपासून थेट न्हाणीघरापर्यंत वाट उघडी. आत अंधार, ओल, कोणी दिवा लावत नाही. तिथून डक्टमार्गे वर-खाली सगळ्यांकडे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या पाचातल्या साधारण एका घराला कुलूप होतं. आता त्याहून कमी असेल असं मला बांधकामं बघताना तरी वाटत नाही.

उपाय स्वस्त आहे. बंद फ्लॅटच्या प्रत्येक जाळीत आणि कमोडमध्ये महिन्यातून एकदा बादलीभर पाणी. जास्त दिवस कोणी येणार नसेल तर पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल ओतायचं. तेलाचा थर पाणी वाळू देत नाही. वापरातल्या नहाणीला जाळीवर झाकण, रात्री बंद करायचं.

अबोली

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. वरच्यांची किल्ली आमच्याकडेच आहे. आज जाते.

ताळगावचा_भाडेकरू

वाफेचं यंत्र भाड्याने मिळालं. पलंगाचे सांधे झाले. शेजारच्या फ्लॅटमधली मुलंही तयार झाली, शनिवारी दोन्ही घरं एकदम करतोय. गोळीवाला खरंच आला होता, शुभ्राताई. त्याला परत पाठवला.

शुभ्रा

देव बरं करो तुमचं. आणि मुक्ता, जिन्याखाली किंवा खानावळीमागे उंदीर असतील तर पावसाचं साठलेलं पाणी अनवाणी तुडवू नकोस. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पायाला चीर असेल तर तिथून जंतू आत जातात. पाण्यात गेल्यावर ताप आणि पोटऱ्यांत कळा आल्या तर लगेच डॉक्टरकडे, आणि पाण्यात गेलो होतो हे आधी सांगायचं. ते कळल्यावर डॉक्टर लवकर निदान करतात.

मुक्ता_फोंडा

सगळ्यांचं वाचत होते, मध्ये दोन पेपर झाले.

चिरेबंदीकाका, भिंतीपलीकडे न्हाणीघरच आहे. गीझरच्या पाइपचा सांधा गळत होता. प्लंबरने बदलला. नळीचा फोटो काढून ठेवला आणि पुन्हा खरवडली नाही. जेल सांगितलेल्या जागी लावलं, स्प्रेचा डबा आईने शेजारणीला दाखवून मग कचऱ्यात दिला, म्हणजे आमच्याकडे कोणी मागायला येणार नाही. सकाळी ओट्यावर आता एखाददुसरं दिसतं, तेही सुस्त. नहाणीला झाकण घातल्यापासून आजीने रात्री हाक मारलेली नाही.

ग्रंथालयात पुस्तक घेऊन गेले. बाईंनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, सगळी पुस्तकं उघडून उन्हात ठेव, शिवणी उलगडून, आणि मग कोरड्या कपाटात, भिंतीला न चिकटवता. पुठ्ठा त्या बांधून घेणार आहेत.

आता पुढचं. बाबांनी पत्र दिलं, सभेत विषय घेतला. डक्ट आणि चेंबरचं सोसायटी करायला तयार आहे. खानावळवाल्याने तर लगेच होकार दिला, त्याच्याकडेही त्रास आहे आणि गिऱ्हाइकं कमी होतात. वाळवीच्या परिघाच्या उपचाराला दोघे नाही म्हणतात. आणि चार बंद फ्लॅटपैकी तिघांनी फोन घेतला, एकाने अजिबात नाही. त्या एकाचं काय करायचं?

वास्को_सचिव

त्याला नोंदणीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवा, इमारतीच्या नकाशावरच्या पत्त्यावर नाही, देखभालीची पावती जिथे जाते त्या पत्त्यावर. पत्रात वाळवीचा फोटो जोडा. त्याच्याही चौकटी खाल्ल्या जात असतील, हे एका फोटोने जितकं पटतं तितकं सभेच्या ठरावाने पटत नाही. बाहेरगावचे मालक दिवाळीला नाही आले तरी डिसेंबरात येतात. तेव्हा किल्ली मागून घ्या, सचिवाकडे ठेवा, आणि कोण आत गेलं, कशासाठी गेलं, याची वही करा. म्हणजे उद्या कोणी "माझ्या घरात कोण शिरलं?" म्हणू शकणार नाही.

चिरेबंदी

आणि वाळवीला नाही म्हणणाऱ्या दोघांना तुझ्या घरी बोलव. चौकटीवर बोटाने टकटक करून दाखव. आत पोकळ झालेलं लाकूड लगेच कळतं. मग त्यांना त्यांच्या चौकटीवर टकटक करायला सांग. माझा अनुभव असा की बहुतेक जण त्याच संध्याकाळी फोन करतात.

काजवा

कंत्राटदार ठरवताना परवाना बघा. कीटकनाशकांचा १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम, त्याखाली व्यावसायिक फवारणी करणाऱ्याला परवाना लागतो. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. भावाचा दमा त्यांना आधी सांगा, आणि चेंबरच्या फवारणीच्या दिवशी त्याला आजोळी पाठवा.

मुक्ता_फोंडा

परवान्याचं विचारते. भाऊ त्या दिवशी मावशीकडे केरीला जाईल, ठरलंय. अबोलीताई, तुमच्या वरच्या फ्लॅटमध्ये काय निघालं?

अबोली

तिन्ही जाळ्या कोरड्या ठणठणीत. कमोडही. पाणी ओतलं, तेल घातलं. आणि सचिवसाहेब, माझा हिस्सा लिहून घ्या, मी देते. खानावळीचं मात्र माझं मत तेच आहे.

रामनाथीकर

मुक्ता बाळा, पुढचा पेपर कधी?

मुक्ता_फोंडा

सोमवारी, काका. टेबल परत खिडकीपाशी नेलंय, फक्त चौकटीपासून एक हात लांब. चिरेबंदीकाकांचा कंत्राटदार येईपर्यंत तसंच ठेवते.